तीन हजारांखालचं सोड

"तंत्रज्ञ श्रीमती कल्याणी मगदूम यांनी 'ट्वीटरला तीन हजारांखालचं सोड' या तोंडी सूचनेचा विपरीत अर्थ लावला, खालचे स्वर वगळण्याऐवजी ते ट्वीटरकडे जाऊ दिले, आणि परिणामी दोन्ही ट्वीटर जळाले. 'सोडणे' हे क्रियापद द्वयर्थी असल्याचा अभिप्राय कोशकार प्रा. त्रिविक्रम आठल्ये यांनी दिलेला आहे."

वाहन-ध्वनी संघाच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष प्राचार्य कारदगे यांनी सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात उभे राहून वाचला, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कारदगे संघाचे अध्यक्ष होते, गाडीतले ते ट्वीटर स्पीकर ज्या स्पर्धेत जळाले तिचे परीक्षक होते आणि चौकशी समितीचे प्रमुखही होते. त्रिमूर्तीचे एवढे सुबक एकत्रीकरण मी दत्ताच्या देवळाबाहेर प्रथमच पाहत होतो. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी जयकुमार आरवाडे बसला होता. सारी सांगली त्याला अण्णा म्हणे, मीही म्हणे. गाड्यांत ध्वनियंत्रणा बसवणारा त्याच्यासारखा कारागीर कृष्णाकाठी दुसरा नाही असा त्याचा लौकिक होता, आणि कॉलेजपासून तो माझा मित्र होता. अहवाल वाचला जात असताना तो समोरच्या फुलदाणीकडे अशा एकाग्रतेने पाहत होता, जणू तीच त्याची साक्षीदार होती.

मी उठलो.

"अध्यक्षमहाराज, माझ्या अभिप्रायात दोन वाक्यं होती. आपण एकच वाचलंत."

"सर, दुसरं वाक्य व्याकरणाचं होतं," कारदगे म्हणाले.

"पहिलंही व्याकरणाचंच होतं."

मागे कुणीतरी हसले. कारदगेही हसले, सभेत हसणे हा त्यांच्या पदाचा भाग होता. "अहवालाला जागेची मर्यादा असते, सर."

"दुसरं वाक्य असं होतं: 'मात्र बोलणारा आणि ऐकणारा एकाच धंद्यातले असतील, तर अर्थ आधीच ठरलेला असतो, म्हणून प्रथम त्यांची बोली तपासावी.' ती कुणी तपासली?"

"सर, हा तंत्राचा विषय आहे."

"मग शब्दाचा अभिप्राय कशाला मागितलात?"

"बसा की सर," मागून आवाज आला, "बासुंदी गार व्हायलीय."

बासुंदी गारच खायची असते. पण त्या सभेत एवढेही तथ्य कुणी तपासणार नव्हते. ठराव मंजूर झाला. कल्याणी मगदूमची संघाची मान्यता रद्द. कोणत्याही सभासद दुकानाने तिला काम देऊ नये. तिच्या नावाच्या दुकानाला माल देऊ नये. हे शेवटचे कलम मला विशेष वाटले, कारण तिच्या नावाचे दुकान अजून अस्तित्वात नव्हते. पाडव्याला ते मिरजेत उघडायचे होते. जागा घेऊन झाली होती, पाटी रंगवून झाली होती.

'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी आपल्याकडे म्हण आहे. तीतल्या 'सोडून'चा अर्थ मात्र मुळीच द्वयर्थी नाही.

कल्याणीला सभेत बोलावले नव्हते. ती बाहेर, गाड्या लावतात तिथे कडुनिंबाखाली उभी होती. मिरजेला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन ती अण्णाच्या दुकानात लागली आणि पुढे सबंध दुकान तिच्या कानांवर चालू लागले. नम्रता हा गुण तिच्यात औषधालाही नव्हता, आणि त्यामुळेच माझे तिच्याशी बरे जमे.

"अभिनंदन, सर," ती म्हणाली. "नाव आलं तुमचं अहवालात."

"अर्धं आलं."

"माझं पूर्ण आलंय."

मी विचारले, "अण्णा तुला नेमकं काय म्हणाला होता? शब्दशः सांग."

"काहीच नाही. तेच तर सगळ्यांना सांगून घसा बसला माझा. समितीनं लिहिलं, 'तंत्रज्ञास सूचना आठवत नाही.' मी असं म्हटलंच नाही सर. मला चांगलं आठवतंय. असं कुणी म्हटलं नाही, हे मला आठवतंय."

'आठवत नाही' आणि 'नव्हते, हे आठवते'. पहिले अज्ञान आहे आणि दुसरे ज्ञान. नैयायिकांनी अभावाच्या ज्ञानावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. ते कारदग्यांच्या समितीपर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

"आणि समजा अण्णा तसं म्हणाला असता?"

"तर मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं असतं. म्हटलं असतं, अण्णा, झोप नाही का झाली?"

आता तो निष्कर्ष शेवटाकडून सोलायला हवा, कारण त्याचा शेवटचा भाग माझ्या कानांदेखत घडला होता.

स्पर्धेसाठी अण्णाने डॉक्टर इनामदारांची गाडी सजवली होती. गाडीतल्या दोन खांबांवर, आरशांच्या जवळ, नाण्यापेक्षा थोडे मोठे असे दोन स्पीकर होते. हेच ते ट्वीटर. त्यांनी फक्त वरचे, बारीक, झळाळते स्वर वाजवायचे. त्यांचा पडदा रेशमाचा होता आणि ते बनवणारा परदेशी कारखाना केव्हाच बंद पडला होता. डॉक्टरांच्या थोरल्या भावाने ते कधीकाळी आणले होते. भाऊ गेला, ट्वीटर राहिले. म्हणून त्यांना हात लावण्याचा मान कल्याणीला मिळाला होता. डॉक्टरांनी नाव घेऊन तिलाच मागितले होते. अण्णाला ते कितपत आवडले, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा ती गाडीत बसून काम करत होती. ट्वीटर जोडलेलेच नव्हते. त्यांच्या तारांना एक जुनाट, फाटक्या पुठ्ठ्याचा स्पीकर लावलेला होता आणि त्यातून झऱ्यासारखा शूऽऽ असा आवाज येत होता.

"हा कोण पाहुणा?" मी विचारले.

"बळीचा बकरा, सर. साध्या गाडीत एकच अँप्लिफायर सगळ्या स्पीकरना वाजवतो, आणि ट्वीटरच्या वाटेवर एक छोटं यंत्र असतं, ते जाडे स्वर अडवतं. ह्या गाडीत तसं नाही. इथं प्रत्येक स्पीकरला आपापला अँप्लिफायर, आणि कुणी काय वाजवायचं ते आधी प्रोसेसर ठरवतो. ट्वीटरला मी तीन हजार हर्ट्झवर कट दिलाय. त्याच्या खालचं त्याच्याकडं जायचंच नाही. गेलं, तर गेलाच तो. म्हणून आधी हा बकरा लावायचा, ह्या तारेवरनं खरंच काय येतंय ते ऐकायचं. बारीकच येतंय, जाडं काही नाही, अशी खात्री झाली की मग ट्वीटर. आणि तोही आवाज अगदी खाली ठेवून."

"कट अडीचला का नाही? अण्णा अडीच म्हणतो ना नेहमी?"

"अडीचला गोड वाजतो, बरोबर आहे अण्णांचं. पण स्पर्धेत आवाज चढवतात, आणि हे म्हातारे आहेत. म्हाताऱ्यांना जिना चढायला लावू नये."

मग तिने तारेत जोडलेला, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा दाखवला. तो कपॅसिटर.

"आता हा कशाला? कट तर प्रोसेसर देतोय ना?"

"प्रोसेसर म्हणजे डोकं, सर. डोकं फिरलं तर? विजेचा झटका आला, ते मधेच बंद पडून चालू झालं, तर त्या क्षणाला कट-बिट काही नसतो. जे असेल ते सरळ ट्वीटरवर. हा म्हणजे दाराची कडी. घरमालक झोपला तरी कडी झोपत नाही."

"पण कडीनं आवाज बदलत असेल."

"हिचा स्वतःचा कट हजाराच्या आसपास. प्रोसेसरचा तीन हजारांवर. ती आहे हे कानाला कळतसुद्धा नाही. ज्यांना कळतं ते…" तिने वाक्य सोडून दिले. येथे 'सोडून दिले' म्हणजे वगळले. वाचकांचा गोंधळ नको.

तिने न उच्चारलेले ते लोक दुसऱ्या दिवशी मैदानावर जमले होते. ते जमतात न जमतात तोच कारदगे चहाचा कप हातात घेऊन डॉक्टरांच्या गाडीत डोकावले. वाकून तारा पाहिल्या. अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून ते काहीतरी पुटपुटले आणि मोठ्याने हसले. अण्णाच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. थोड्या वेळाने त्याने कल्याणीला बॅटरीचा चार्जर आणायला दुकानात पिटाळले. ती गेल्यावर गाडीची दारे बराच वेळ बंद होती.

मग उद्घाटनाचे भाषण झाले. ते अण्णाचेच.

"अँप्लिफायर आणि ट्वीटर यांच्यामध्ये तांब्याच्या तारेशिवाय काहीही असता कामा नये," तो म्हणाला. "देव आणि भक्त यांच्यामध्ये भटजी कशाला? आमच्या गाडीत एकही कपॅसिटर सापडला, तर मी मिशी उतरवीन!"

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी कारदग्यांची होती. पावित्र्याचा हा ज्वर मला चांगला परिचयाचा आहे. मी भाषाशुद्धीच्या तीन-चार लाटा पाहिल्या आहेत. मूळ शब्द हाकलून आणलेला शुद्ध शब्द पहिल्याच पावसात वाहून जातो, आणि त्याच्या श्राद्धाला तीच मंडळी जेवायला बसतात.

परीक्षणाच्या वेळी चालकाच्या जागी कारदगे बसले, शेजारी अण्णा, आणि 'जाणकार रसिक' या नात्याने मागे मी. एका बाईचे गाणे सुरू होते. चांगला वेळ सुरू होते. तानपुरा असा वाजत होता की जवारीचा दोरा तारेखाली कुठे धरला आहे ते बोट ठेवून दाखवावे. कोठे खरखर नाही, घोगरेपणा नाही. खालचे स्वर ट्वीटरवर आदळत असते तर ही गोष्ट पहिल्या आलापातच कळली असती. दोन अनभ्यस्त कानांचा हा पुरावा मी समितीला देऊ केला होता. तो अहवालात नाही. जागेची मर्यादा.

गाणे मध्यावर आले आणि अण्णा म्हणाला, "थांबा, बॅटरी उतरली असंल. इंजिन चालू करतो." यंत्रणा बंद न करता तो वाकला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने आचका दिला, समोरचे दिवे क्षणभर मिणमिणले, गाणे तुटले, आणि 'धप्प' असा एक आवाज झाला. भरलेले पोते माळ्यावरून पडावे तसा. पाठोपाठ गाणे पुन्हा सुरू झाले, पण तानपुऱ्याची जवारी, ती वरची बारीक झळाळी, गेली होती. बाई घोंगडीआड बसून गात असाव्यात असे वाटले.

"हे काय झालं?" कारदगे म्हणाले.

अण्णाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "कल्याणी!"

ती चार्जर घेऊन नुकतीच परतली होती. ती हाक होती की आरोप, हे त्या क्षणी सांगता आले नसते. हाही द्वयर्थी प्रयोगच.

म्हणजे 'परिणामी' हा शब्द पडला. राहिले ते वाक्य. ज्या वाक्यावर एका बाईचा धंदा सुळी चढवला, ते चार शब्दांचे अपत्य मला आता नीट न्याहाळायचे होते. जुन्या पोथ्यांत एखादी ओवी मागाहून घुसडलेली असते. तिला प्रक्षिप्त म्हणतात. ती ओळखायची खूण एकच: ती त्या घराची भाषा बोलत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी अण्णाच्या दुकानात जाऊन बाकावर बसलो. अण्णा बाहेरगावी होता. दुपारभर कुणाला काही विचारले नाही, नुसते ऐकले. "करंट सोडला का रे?" "थांब, अजून गाणं सोडू नको." "ह्याला ऐंशीला कट मार." "खालचं उडव की, लई घुमतंय." दिवसभरात 'सोड' पुष्कळदा आला, दर वेळी एकाच अर्थाने. शेवटी मी बाबू मिस्त्रींना विचारले. ते अण्णाच्या वडिलांपासूनचे, रेडिओच्या काळातले.

"मिस्त्री, तुम्हाला कुणी सांगितलं, ट्वीटरला खालचं सोड, तर काय कराल?"

"सोडीन की."

"सोडीन म्हणजे?"

"म्हणजे जाऊ दीन. सोडायचं म्हणजे जाऊ द्यायचं, आनि काय? पाट सोडत्यात, तसं."

"मग ट्वीटर?"

"जळंल."

"मग असं सांगेल कोण?"

मिस्त्रींनी कानावरची विडी काढून तिच्याकडे विचारपूर्वक पाहिले. "येडा," ते म्हणाले.

त्या दुकानात 'सोडणे' हे क्रियापद मुळीच द्वयर्थी नव्हते. ते द्वयर्थी होते फक्त एका ठिकाणी: माझ्या व्याख्यानात. त्याच वर्षी गणपतीत, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, 'एकच शब्द, उलटे अर्थ' या विषयावर मी बोललो होतो. त्यात आमटीचा किस्सा होता. वैद्य रोग्याच्या बायकोला सांगतो, "यांच्या आमटीत मीठ सोडा." वैद्याला म्हणायचे असते, वगळा. ती बिचारी रोज मूठभर सोडते. महिन्याने वैद्य विचारतो, "पथ्य पाळलं ना?" ती म्हणते, "अगदी न चुकता!" लोक हसले होते. पहिल्या रांगेत बसून गुडघ्यावर थाप मारीत सर्वांत मोठ्याने हसला होता तो अण्णा.

तेथून मी थेट मिरजेला गेलो. कल्याणीच्या न उघडलेल्या दुकानाचे शटर अर्धे वर होते. आत नुसत्या भिंती, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी. मी तिला सारे सांगितले, आमटीसकट.

तिने पाटी भिंतीशी नीट टेकवली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर आळ घालायला त्यांना स्वतःचं वाक्यसुद्धा सुचलं नाही."

"मी संघाला लिहितो. मान्यता परत—"

"मान्यता राहू दे सर. अण्णांनी माझ्यासमोर एकदा म्हणावं. 'कडी मी काढली' एवढंच. लोकांसमोर नको, लेखी नको. मग मी पुन्हा कुणाला तोंड दाखवीन. नाहीतर मला स्वतःलाच वाटायला लागेल, की म्हणाले असतील. मी ऐकलं नसेल. माझे कान, सर. दुसरं काय आहे माझ्याकडं?"

अण्णा परतला तेव्हा मी त्याला त्याच्याच गाडीत गाठले. महत्त्वाचे बोलायचे झाले की तो गाडीत बसे आणि काचा वर करी. बाहेरचा गोंगाट त्याला सहन होत नसे. दुपारची वेळ होती. त्याने एक बंदिश लावली होती. मी हात पुढे करून ती बंद केली.

"काय पंडित, आज रागावलायस?"

"एक प्रश्न आहे. ते वाक्य तू बोललास की नाही?"

"बोललो की. अहवालात आहे."

"मग ऐक. तुझ्या दुकानात 'सोड' म्हणजे 'जाऊ दे'. दुसरा अर्थ तिथं कुणाला ठाऊक नाही. तेव्हा तू खरंच तसं बोलला असशील, तर ट्वीटर जाळायची आज्ञा तूच दिलीस. आणि बोलला नसशील, तर वाक्य खोटं आहे. दोन्ही बाजूंनी फास आहे, अण्णा, आणि मान एकच."

तो हसला. "तू वकील व्हायला पाहिजे होतास. कोश करून काय मिळवलंस?"

"भाषणात म्हणालास, गाडीत एकही कपॅसिटर नाही. आदल्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिले होते. मधल्या वेळात भटजी कुठे गेले?"

स्टिअरिंगवर त्याचा अंगठा ताल धरून होता, तो थांबला. काच बंद होती. रस्त्यावरची एक हातगाडी आवाजावाचून सरकत गेली.

"आणि समज, मी कबूल केलं," तो म्हणाला. "तर?"

"कल्याणीसमोर म्हण. ती दुसरं काही मागत नाही."

"तिच्यासमोर न्हाई." त्याचा आवाज एकदम कोरडा झाला. "तुझ्यासमोर म्हणतो. तू जुना दोस्त. पण बाहेर जाऊन सांगितलंस, तर मी म्हणेन, पंडितानं प्रक्षिप्त घुसडलं. तुझाच शब्द हाय न्हवं?"

माझाच होता. भाषेचा व्यवसाय करणाऱ्याच्या नशिबी हे असते: आपण पाजळलेली शस्त्रे आपल्याच अंगणात वापरली जातात.

आणि मग तो बोलला. मी मध्ये एकदाही अडवले नाही.

पुढचे थोडक्यात. ते बोलणे मी कारदग्यांना तोंडी सांगितले, त्यांनी विचारले, "लेखी आहे का?" मी स्वतः लिहून दिले, संघाने 'नोंद घेतली'. मी कल्याणीला सांगायला गेलो, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले. "तुमच्या तोंडून नको, सर. तुमचं मला खरंच वाटेल. त्यानं काय होणार?" पाडवा आला आणि गेला. शटर उघडले ते दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलच्या दुकानासाठी. ती हुबळीला गेली. तिथे घरातल्या इन्व्हर्टरांच्या बॅटऱ्या दुरुस्त करते असे ऐकले. इन्व्हर्टर गात नाहीत. तिला तेवढेच बरे वाटत असावे.

अण्णा गेल्या साली वारला. त्याच्या नावाने संघ यंदापासून 'शुद्ध स्वर पुरस्कार' देणार आहे, आणि कारदग्यांचे वारसदार स्मरणिकेसाठी माझ्याकडे आठवण मागायला आले होते. 'अण्णांची ध्वनिनिष्ठा' असा विषय सुचवून, शक्यतो हृद्य लिहा, असे त्यांनी सांगितले. त्यांची निराशा मी करणार नाही. हे सारे त्यांनाच पाठवत आहे. जागेची मर्यादा आड आली, तर एवढीच विनंती की वरचे सगळे खुशाल वगळावे आणि फक्त खालचे सोडावे. कोणता अर्थ घ्यायचा, ते त्यांनी आपल्या सोयीने ठरवावे. आजवर तसेच ठरवत आले आहेत.

त्या दुपारी, काचा बंद करून, जयकुमार आरवाडे मला जे म्हणाला, ते शब्दशः असे:

"कपॅसिटर मी काढले, पंडित. कारदगे हसला, 'अण्णा, तुमच्या गाडीतबी भटजी?' म्हणाला, म्हणून काढले. किल्ली मी फिरवली. तिचा कट बरोबर होता, माझ्यापेक्षा बरोबर होता. वाक्य मी रचलं, तुझ्या आमटीवरनं. ट्वीटर जळले त्याचं मला काही न्हाई. ते मी भरून दिले असते, चुकलो म्हणालो असतो. पण पाडव्याला ती मला सोडून चालली होती. डॉक्टर तिच्या मागनं जाणार, मग बाकीचे जाणार. तू कोशात किती अर्थ लिहिलेस 'सोड'चे? त्यातला हा एक मला चालत न्हाई."